तीन खणांची गढी

आमच्या घराण्यात एक लढवय्या होऊन गेला. बेळगावच्या कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवताना मी ही गोष्ट दर वर्षी एकदा तरी वर्गात सांगितली. तो कोणत्या लढाईत लढला हे मला नीट माहीत नव्हतं, त्यामुळे दर वर्षी लढाई बदलायची. मुलं लिहून घ्यायची.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, की निपाणीजवळच्या आमच्या गावातलं त्याचं घर लोकांना बघण्यासाठी खुलं करायचं. घर म्हणजे दगडी भिंतींचं, तीन खणांचं. चुलतभाऊ वारल्यापासून तिथं वहिनी एकट्याच राहतात. मी बेत सांगितला तेव्हा त्या शेंगा फोडत होत्या.

"बघायला या म्हणावं की," त्या म्हणाल्या. "पर माझं जातं हलवू नका."

मी जातं सोडून सगळं हलवलं. भिंतीला चुना दिला. कोपऱ्यातली तंबाखूची बोदं, म्हणजे गच्च भरलेली पोती, मागच्या सोप्यात नेली. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मोठी पाटी रंगवून घेतली. तिच्यावर 'गढी' असा शब्द होता, पूर्वजाच्या पराक्रमावर आठ ओळी होत्या, आणि शेवटी संकल्पक म्हणून माझं नाव, पदवीसकट. पूर्वजाचं नाव अक्षरं लहान केल्यावर कसंबसं बसलं. मूळ तलवार आमच्या आजोबांच्या आधीच गहाळ झालेली. म्हणून बेळगावच्या खडेबाजारात नाटकाचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानातून मी एक तलवार आणली आणि लाल मखमलीवर टांगली.

पहिल्या दिवशी जवळच्या शाळेची मुलं आली. मी जरीची टोपी घालून पाऊण तास बोललो. मग पाचवीतल्या एका मुलीनं तलवार हातात घेऊ का, असं विचारलं. मी मोठ्या मनानं दिली. तिनं टोक जमिनीला टेकवून जरा भार दिला, तर पातं कोयत्यासारखं वाकलं.

"सर, ह्यानं लढलं व्हय त्येनी?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

तिच्या बाईंनी तोंडावर पदर धरला. तलवार जुनी असल्यामुळे मऊ पडली आहे, असं काहीतरी मी सांगितलं. इतिहासाच्या माणसानं लोखंडाबद्दल असं बोलू नये.

मुलं गेल्यावर वहिनींनी चहा आणला आणि पाटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाचायला वेळ लागतो. मी कौतुकाची वाट बघत थांबलो.

"भावजी, समदं लिवलंय," त्या म्हणाल्या. "पर ज्यानं त्येस्नी पाठीवर घालून घरला आणलं, त्यो कुठं हाय ह्यात?"

मी कप खाली ठेवून पाटी पुन्हा वाचली.

ही गोष्ट मला माहीत होती. पूर्वज लढाईत जबर जखमी झाला. घोडा मेला. त्या घोड्याची देखभाल करणाऱ्या मोतद्दारानं त्याला पाठीवर घेतलं आणि दोन दिवस चालत गावी आणलं. पूर्वज जगला, म्हणून आम्ही आहोत. दसऱ्याला आमच्या घरातलं पहिलं ताट आजही त्या मोतद्दाराच्या घरी जातं. लहानपणी ते ताट मी स्वतः नेलेलं आहे. तरी आठ ओळी लिहिताना मला तो आठवला नव्हता. माझी पदवी मात्र आठवली होती.

त्या घराण्यातला आजचा कर्ता माणूस बसवर कंडक्टर आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो आणि चूक सांगितली. तो रागावला नाही.

"आमाला काय, ठाऊकच हाय की ते," तो म्हणाला. "तुमी इसरला असशिला."

मग त्यानं ती वाट सांगितली. कोणत्या ओढ्यावर पाणी पाजलं, कुठल्या आंब्याखाली रात्र काढली, जखमेत काय भरलं. त्याच्या घरात बापानं मुलाला सांगत हे सगळं जपलं होतं. मी वही काढली आणि त्याला दोनदा थांबवून लिहून घेतलं.

पाटी नव्यानं रंगवली. तिच्यावर आता दोघांची नावं एकाच मापाच्या अक्षरांत आहेत. 'गढी'चं 'घर' झालं. मखमलीवर काही नाही.

रविवारी कंडक्टरला सुट्टी असली, की तोच लोकांना माहिती सांगतो. माणसं गप्प बसून ऐकतात, काही जणी डोळे पुसतात. माझ्या पाऊण तासात फक्त जांभया आल्या होत्या. मी दार उघडतो, चपला ओळीत लावायला सांगतो आणि वहिनींच्या जात्यापाशी उभा राहतो, कारण ते कुणी फिरवलेलं त्यांना खपत नाही.

गेल्या महिन्यात चिकोडीकडच्या एका गृहस्थांनी निघताना कंडक्टरकडे बोट करून मला विचारलं, "तुमी ह्या सायबांच्या हाताखाली असता काय?"

"व्हय," मी म्हटलं.