भांड्यावरचं पाणी

इथे आखातात, सलमानिया भागातला जुना फ्लॅट सोडून मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक सनद नावाच्या उपनगरात राहायला आलो, तेव्हा बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. लेकीला यायचंच नव्हतं. जिथे आई कधी वावरली नाही त्या जागेला ती घर म्हणणार नव्हती. "इट्स जस्ट अ फ्लॅट, बाबा," एवढं बोलून ती खोक्यांवर बसून राहिली.

नव्या घरात आधी दूध उतू घालवायचं, ही आमची रीत. आजवर ते बायकोचं काम. या वेळी पातेलं मी चढवलं. दूध काठापर्यंत आलं आणि माझ्या हाताने झटकन गॅस बंद केला! "अहो, दुधाकडे बघा" ऐकण्यात ज्याचा संसार गेला, तो माणूस दुसरं काय करणार? दूध खाली बसलं आणि मला रडूच आलं. एवढंसं काम, तेही तिच्याशिवाय जमेना.

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत होती. आई गेल्यापासून ती फोनवर चिनी लिपी शिकते. "त्या भाषेत मला आईबद्दल कुणी सॉरी म्हटलेलं नाही," असं तिने एकदा इंग्रजीत सांगितलं होतं. तिने मार्कर घेऊन खोक्यावर एक अक्षर काढलं: 皿. "धिस इज भांडं." चौकट, आत दोन उभ्या रेघा, खाली बैठकीची लांब रेघ. शेजारी तेच भांडं पुन्हा काढून तिने वर चार-पाच फटकारे मारले: 益. हे वरून वाहणारं पाणी, तिने समजावलं. फार पूर्वी हाडांवर अक्षरं कोरत, तेव्हा भांड्यावर नुसते थेंब असायचे. अर्थ होता उतू जाणं. पुढे त्याचाच अर्थ वाढ, भलं होणं असा झाला. मग उतू जाण्यासाठी बाजूला आणखी पाणी जोडून वेगळं अक्षर करावं लागलं.

"सेम अ‍ॅज आई डिड," ती म्हणाली.

"म्हणजे चिन्यांच्याही ओट्याची वाट लागायची तर!"

ती हसली. किती दिवसांनी हसली, पोर.

मग तिने गॅस पेटवला आणि माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. दूध चढलं. माझी बोटं वळवळली, पण ती सोडेना. दूध भसकन शेगडीवर सांडलं, जळकट गोड वास सुटला. सवयीने मी फडकं घ्यायला वळलो.

"राहू दे, बाबा," ती म्हणाली. "घरासारखा वास येतोय."