मार्गारेटबाईंची पोथी

परवा वेम्बलीच्या देवळात ढोलकीवर नवं कातडं चढवत होते. त्या ओल्या वासाने मला केंब्रिजमधलं मार्गारेटबाईंचं जुन्या पुस्तकांचं दुकान आठवलं. शिकत असताना मी तिथे काम करायचे.

कातड्यावर लिहिलेली एक मध्ययुगीन प्रार्थनापोथी त्यांच्या वडिलांनी पानं सुटी करून विकली होती. बाई जन्मभर ती पानं परत गोळा करत होत्या. एका दुपारी अमेरिकेहून एक पान आलं. तिथे कुणाच्या तरी भिंतीवर उन्हात राहून त्याची शाई पार उडाली होती.

"तुझे डोळे तरुण आहेत. काही दिसतंय?"

"नाही हो."

त्यांनी पान हुंगलं, कातड्याचा वास ओळखला आणि ते पोथीत त्याच्या जागी ठेवलं.

"मी गेले की भाचा ही पुन्हा सुटी करून विकेल," त्या म्हणाल्या.

मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. पण त्या गेल्या आणि तसंच झालं.