मामांना वाचून दाखवलेला सिनेमा

मामांना मी चार वेळा फसवलं. चारही वेळा एकाच सिनेमावरून. मामा आता नाहीत, म्हणून हे लिहायला धीर होतो आहे.

मामा जुन्या जालन्यात राहायचे. कचेरीसमोर बसून त्यांनी पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले, उर्दूत आणि मोडीत. मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि लेखणी सुटली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. मी त्यांच्याकडे राहूनच मॅट्रिक झालो. पुढे औरंगाबादच्या कॉलेजात जायचं तर पाठवणार तेच, आणि माझ्या इंग्रजीवर त्यांचा भरवसा नव्हता. माझाही नव्हता.

त्या हिवाळ्यात स्टेशनाजवळच्या मैदानात फिरत्या सिनेमाचा तंबू लागला. चित्रं विलायती आणि मुकी. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी अक्षरांची पाटी यायची. खाली पेटी-तबलावाले वाजवत बसायचे.

"चल," मामा म्हणाले. "पाट्या तू वाचून सांग. तुझं इंग्रजी किती खोल हाय ते तिथंच कळंल."

पहिल्या संध्याकाळी मला 'मी', 'घर' आणि 'पत्र' एवढेच शब्द ओळखू आले. बाकीचं वाचेपर्यंत पाटी निघून जायची. पण मी डगमगलो नाही. पाटी लांब असली की पडद्यावरच्या बाईला भरपूर बोलायला लावलं, आखूड असली की नुसतं "बरं" म्हणायला लावलं. त्यातल्या एका मिशीवाल्याला मी तिचा दुष्ट दीर केलं. शेवटी बाईला तापाने मारलं. पुढच्या रांगेतले लोक माना वळवून माझंच ऐकत होते. घरी येताना मामा म्हणाले, "दीर लई हरामखोर निघाला." मला फार अभिमान वाटला.

तीन दिवसांनी नवा सिनेमा आल्याची दवंडी फिरली. जाऊन बसलो तर सिनेमा तोच. मालकाने फक्त नाव बदललं होतं. खरं सांगितलं असतं तर मामा उठून घरी निघाले असते, आणि मला त्यातली घोड्यांची शर्यत पुन्हा बघायची होती. म्हणून मी गोष्टच बदलली. मिशीवाला आता बाईचा भाऊ झाला, स्वभावाने अगदी गरीब. बाई जगली. शर्यत चालू असताना सिनेमाची फीत तुटली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, तेवढाच काय तो खंड पडला.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मंगळवारीबी घोडे पळतानाच फीत तुटल्ती. पेटीवालाबी तेच वाजवून राह्यला. मंग मंगळवारी मेलेली बाई आज जिती कशी झाली?"

चार पावलं पुढे गेल्यावर त्यांनीच ठरवून टाकलं.

"उद्या परत येऊ. कळंल तेवढंच सांगायचं. न कळलं तर 'न्हाई कळलं' म्हणायचं. ज्या दिवशी एकदाबी तसं म्हणणार न्हाईस, त्या दिवशी कॉलेजचं बघू."

पुढचा सिनेमा रेल्वेने यायचा होता, तो येईना. मालक तोच दाखवत राहिला आणि मी रोज "न्हाई कळलं" म्हणत राहिलो. मागे बसणारा पानवाला कंटाळला. "मामा, याला पहिल्यासारखं सांगू द्या की. आता बिलकुल मजा येऊन न्हाई राह्यली."

"तुम्ही बघा की," मामा म्हणाले. "तुम्हाला डोळे हायेत."

मी अंधारात चाचपडत तळहातावर पेन्सिलीने शब्द उतरवायचो आणि दिवसा मास्तरांच्या डिक्शनरीत शोधायचो. रोज पाच-सहा पाट्या उलगडायच्या. मिशीवाला दीर नव्हता आणि भाऊही नव्हता. तो तिचा वकील होता, आणि सज्जन होता. त्याची मी विनाकारण बदनामी केली होती.

आठव्या दिवशी तंबूचा शेवटचा खेळ होता. सगळ्या पाट्या मी नीट सांगितल्या. एकच राहिली, सगळ्यात शेवटची. ती हाताने लिहिलेल्या पत्रासारखी वेड्यावाकड्या अक्षरांत होती आणि मला कधीच लागली नव्हती. ती आली तसा मी म्हणालो, "बाई म्हणते, मी तुमची वाट बघेन."

मामा म्हणाले, "बरं."

उन्हाळा संपल्यावर ते मला पोचवायला स्टेशनवर आले. गाडी हलायच्या आधी म्हणाले, "त्या शेवटच्या पाटीवर काय होतं ते शिकून ये."

"सांगितलं होतं ना, मामा."

"कळलेलं सांगताना तू थांबतोस. मनात वाचतोस, मंग बोलतोस. त्या पाटीला थांबलाच न्हाईस. पंचवीस वर्षं लोकांचं ऐकून अर्ज लिहिलेत मी."

"मग पाठवताय कशाला?"

"एकच तर राह्यली," मामा म्हणाले.

दिवाळीला घरी आलो तेव्हा पाटीवरची अक्षरं मी पार विसरून गेलो होतो. जेवताना मामांनी विचारलंच. मी ताटाकडे बघत राहिलो, मनात पाचपर्यंत मोजलं आणि सावकाश म्हणालो, "तिने लिहिलं होतं, घर विकलं म्हणून."

मामांनी मान हलवली. "आता बराबर."

आता अंबडच्या कोर्टाबाहेर लोक इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे येतात. मी थांबतो, मनात वाचतो, मग सांगतो. ते खरं असतं, तरी त्या थांबण्याची मला लाज वाटते. त्या बाईने घर विकलं असं मानूनच मामा गेले. निदान मी तरी तसं धरून चाललो आहे.