मिस्त्रींची पुढची खोली

वकिलीची सनद घेऊन मी नागपूरहून चांद्याला परत आलो, तेव्हा माझ्याकडे एक काळा कोट होता आणि बसायला जागा नव्हती. कोर्टाजवळच्या खोल्या जुन्या वकिलांनी धरून ठेवलेल्या. एखादी रिकामी झालीच तर तिचा किराया मला झेपत नसे. सहा महिने मी एका मोठ्या वकिलांच्या ओसरीवर, त्यांच्या पक्षकारांच्या चपलांशेजारी बसून काढले. मग त्यांचाच मुनशी एक दिवस म्हणाला, “जटपुरा दरवाज्याबाहेर पाहा ना. तिकडं वस्ती वाढून राह्यली.”

तेव्हा परकोटाच्या भिंतीबाहेर म्हणजे जवळजवळ गावाबाहेरच. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला लाकूड चिरायच्या दोन आरामशिनी, विटांचे ढीग, चुन्याने आखलेले प्लॉट आणि अधूनमधून एखादं कवेलूच्या छपराचं घर. त्यातल्या एका घरात एक म्हातारे मुसलमान सुतार आपल्या विधवा मुलीबरोबर राहत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. आयुष्यभर त्यांनी बैलगाड्यांची चाकं केली होती. जंगलाच्या ठेकेदारांनी ट्रक घेतले आणि ते काम आटलं. रस्त्याकडची त्यांची कामाची खोली तशीच पडून होती. मागे दोन अंधाऱ्या खोल्यांत बापलेक राहायचे.

मी खोली मागितली तेव्हा मिस्त्री खुश झाले. “वकीलसाहेब इथी बसतीन तर आमचीबी इज्जत वाढंल,” म्हणाले. किराया इतका कमी सांगितला की मलाच संकोच वाटला. पण मी तो बोलून दाखवला नाही.

भाडेपट्टा मीच लिहिला. सहा वर्षांचा. मुदतीआधी मालकाला कोणत्याही कारणाने जागा परत मागता येणार नाही, असं एक कलम त्यात घातलं. पुन्हा कोणाच्या ओसरीवर जायची माझी तयारी नव्हती. मिस्त्रींना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून सगळा कागद मी वाचून दाखवला. एक शब्द गाळला नाही. समजावून मात्र सांगितला नाही.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “भाऊ, याच्यात अब्बाच्या बाजूनं काय लिवलं?”

“दर महिन्याला किराया मिळेल, असं लिहिलंय बाई.”

“अन् त्याइले जागा लागली तर?”

मिस्त्रीच तिच्यावर रागावले. “मले काहाले लागंल? कामच कुठी आहे?” आणि त्यांनी उर्दूत सही केली. दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टा रजिस्टर करून आणला.

पहिली दोन वर्षं बरी गेली. खेड्यांतले लोक स्टेशनवर उतरून गावात शिरताना माझी पाटी वाचायचे. जमिनीच्या वाटण्या, जंगल खात्याने धरलेल्या गाड्या, अशी कामं येऊ लागली. मिस्त्री सकाळी पुढच्या पायरीवर येऊन बसत, पक्षकारांना पाणी देत, त्यांची गावं विचारत.

मग ती वस्ती खरोखरच वाढली. आखलेल्या प्लॉटांवर एकामागून एक घरं उठली आणि प्रत्येक घराला दारं लागत होती, खिडक्या लागत होत्या. लोक मिस्त्रींकडे येऊ लागले. साठ वर्षांच्या त्या माणसाच्या दाराशी पुन्हा काम आलं, आणि ते करायला त्यांच्याकडे जागा नव्हती. आंगणात सागवानाच्या फळ्या मांडून ते उन्हातच रंदा मारत बसायचे. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एक दिवस ते आत आले आणि उभेच राहिले.

“बसा ना मिस्त्री.”

“नाई, बसत नाई. एक इचारायचं होतं. तुमी मांगच्या खोलीत बसान का? मी चुना मारून देतो. खिडकी पाडून देतो. ही पुढची मले पाहिजे होती, लाकूड कोरडं राहावं म्हून.”

मागच्या खोलीत जायला न्हाणीजवळून वाट होती. पक्षकार तिथून येणार, पाटी आत जाणार. मी म्हणालो, “असं कसं होईल? आपला पट्टा आहे ना.”

“पट्टा तर आहेच. मी अशीच गोष्ट करून राह्यलो, माणसा-माणसातली.”

मी कपाटातून कागद काढला. ते कलम मी त्यांना पुन्हा वाचून दाखवलं. कोर्टात वाचतात तसं, एकेका शब्दावर जोर देऊन. त्या वेळचा माझा आवाज मला अजून ऐकू येतो. मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “लिवलं आहे तर लिवलं आहे,” म्हणाले आणि गेले.

त्यांनी आंगणात बांबूचे तट्टे उभारले. पावसाने ते आडवे केले. भिजलेल्या चौकटी फुगल्या, वाकल्या. माझ्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. एका घरमालकाने चार चौकटी बैलगाडीत घालून परत आणून टाकल्या आणि रस्त्यात उभं राहून मिस्त्रींना नाही नाही ते बोलला. मी एका दाव्याचा मसुदा लिहीत होतो. लिहीतच राहिलो. दिवाळीपर्यंत लोक दुसऱ्या सुताराकडे जाऊ लागले होते.

हिवाळ्यात मिस्त्री वैनगंगेपलीकडे गेले. गडचिरोलीच्या पुढे जंगलात सरकारी इमारतींचं काम निघालं होतं, तिथे रोजीवर सुतार हवे होते. जाताना मला म्हणाले, “पोरगी एकटी आहे, लक्ष ठेवा.” माझ्याबद्दल त्यांच्या मनात राग होता की नव्हता, मला कधीच कळलं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

उन्हाळा लागायच्या आत बातमी आली. तिकडचा हिवताप. आठ दिवस तापात पडले आणि गेले. सोबतच्या लोकांनी तिथेच माती दिली.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी त्यांच्या मुलीकडे गेलो. बोलायचं आधीपासून ठरवून गेलो होतो. “बाई, मी खोली सोडतो. पट्ट्याचं काही मनात आणू नका.”

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “आता रिकामी करून काय करू भाऊ? मले रंदा मारता येत नाई. तुमी राहा. किरायाचा कागद तेवढा माह्या नावानं लिवून द्या.”

तो कागद मी लिहिला. या वेळी मालकाला हवी तेव्हा जागा परत मागता येईल असं लिहिलं आणि ते तिला नीट समजावून सांगितलं. तिने मान हलवली. तिला आता ते नको होतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी तिथे आणखी तीन वर्षं वकिली केली. कामं वाढत गेली. मग कोर्टाजवळ खोली मिळाली आणि मी हललो. माझ्या जागी एक सायकल दुरुस्तीवाला आला. खोली ठरवताना त्याने मिस्त्रींच्या मुलीला, आधीचे किरायेदार का गेले, असं विचारलं होतं. त्यानेच मला नंतर सांगितलं, की ती म्हणाली, किरायेदार चांगले होते, कधी तरास नाई दिला.