पडद्यावरचे ओठ

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला तिच्या आवडत्या गायकाचा कार्यक्रम दाखवायला चिंचवडच्या मैदानावर नेलं आणि दुसऱ्याच गाण्याला तिचा चेहरा पडला. आवाज रेकॉर्ड केलेला होता. गायक माईक धरून नुसता ओठ हलवत होता.

शेजारी कंपनीच्या शर्टातले एक गृहस्थ मात्र पोट धरून हसत होते.

"भाऊ, लग्नाच्या वाढदिवसाचा बट्ट्याबोळ झालाय आमच्या. हसताय काय?" मी वैतागून विचारलं.

त्यांनी गायकाचा चेहरा जवळून दाखवणाऱ्या स्टेजवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. "मी चाकणला कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपात हाय. मशीनच्या आवाजात काय बी ऐकू येत न्हाई, म्हणून आमी ओठ बघून बोलणं वळखतो. ह्यो गडी गातच न्हाई. आत्ता म्हणला, पंखा इकडं फिरवा."

तेवढ्यात खरंच एकजण पळत आला आणि त्यानं पंखा फिरवला. बायको खळखळून हसली.

मग काय! विरहाचं गाणं लागलं की आम्ही या गृहस्थांकडे बघायचो. "समोसा लई तिखट व्हता म्हणतोय." मागच्या रांगेनं तर यांनाच वन्स मोअर दिला.

सुटल्यावर रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ होता. पलीकडे कुरुळी गावाला जाणाऱ्या गाडीत बसलेल्या त्या गृहस्थांनी खिडकीतून सावकाश ओठ हलवले. आम्हा दोघांनाही वाचता आलं: सुखानं नांदा.

बायकोनंही तसेच ओठ हलवले: घरी जेवायला या.

त्यांनी आनंदानं मान डोलावली. मग भुवया उंचावून विचारलं: कुठं?

आणि गाडी सुटली.