सगळ्यांना तेल लावून झाल्यावर

मैत्रिणींनो, आज दिवाळीचा पाडवा. पहाटे नवऱ्याला तेल-उटणं लावलं, लेकाला लावलं, पुण्याहून आलेल्या सासूबाईंची पाठ चोळून दिली. माझा नंबर येईपर्यंत उटणं संपलं आणि गीझरमधलं गरम पाणीही.

दुपारी म्हटलं, इथल्या आमच्या जे. पी. नगरच्या पार्लरमध्ये जाऊन तेलमालीश तरी करून घेते. सासूबाई म्हणाल्या, “सणाच्या दिवशी परक्या बाईकडून? घरात माणसं नाहीत का?”

“आहेत ना,” म्हणत मी नवऱ्याकडे पाहिलं.

“अगं, मला सांगायचंस! मी लावलं असतं.”

मी तेलाची वाटी त्याच्यासमोर ठेवली.

“आत्ता? मॅच चालू आहे.”

मीच वाटी उचलली. त्याच तेलात संध्याकाळी दारातल्या पणत्या लावल्या.

खरं सांगा गं, लग्नानंतर तुमच्या पाठीला कुणी तेल लावलंय?