डावीकडे ओढणारी गाडी

आमच्या घरात गाडी चालवण्याबद्दल शेवटचा शब्द बाबांचा. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, तीही आमच्याच जिल्ह्याच्या रस्त्यांवर, आणि छातीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला. त्यामुळे मी स्वतःच्या पगारातून नवीकोरी गाडी घेतली तेव्हा किल्ली माझ्याकडे असली, तरी गाडीच्या पोटाखाली बघायचा हक्क त्यांचाच राहिला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट घरचाच जाणकार आहे म्हणून मी मैत्रिणींत मिरवायची.

मी शिक्षिका. घर गोंदियात आणि शाळा दरेकशाच्या पुढच्या गावात. गाडी आली आणि रेल्वेच्या वेळापत्रकातून माझी सुटका झाली. पहिले आठ महिने मी ती सालेकशाच्या पुढच्या जंगलातल्या वळणांवरून इतकी झोकात चालवली की एकदा बाबा शेजारी बसल्याबसल्या झोपी गेले. एसटीचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या हाती गाडी असताना झोपतो, याहून मोठं प्रमाणपत्र मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मग मी दहा दिवस प्रशिक्षणाला नागपूरला गेले. परत आल्यावर पहिल्याच दिवशी गाडी डावीकडे जायला लागली. स्टिअरिंग सरळ धरलं तरी ती हळूहळू डांबराच्या कडेकडे सरकायची. बाबांना सांगितलं. त्यांनी एक फेरी मारली आणि म्हणाले, गाडीला काही झालेलं नाही, दहा दिवसांत तुझ्याच हाताची सवय गेली. चाकांचं अलाइनमेंट करून घेऊ या का, असं मी विचारलं, तर म्हणाले, मीच करून आणतो. संध्याकाळी येऊन सांगितलं की मशीनवर सगळं बरोबर दाखवलं.

झालं. बाबा म्हणतात आणि मशीनही म्हणतं, म्हणजे चूक माझीच. दर रविवारी सकाळी ते शेजारी बसायचे आणि माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. "हात ढिला सोड. तुहा हातच डावीकडे जाऊन राहिला." चाळिशीतली बाई मी, अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करणारी, आणि तिथं खाली मान घालून हो म्हणायची. स्टिअरिंगवर सतत उजवीकडे जोर देऊन चालवायचं, हे मी शिकले. घरी येईपर्यंत खांदा भरून यायचा.

पावसाळ्यात एकदा समोरून ट्रक आला. मी बाजू दिली आणि गाडी रस्ता सोडून सरळ धानाच्या बांधीत, चिखलभरल्या शेतात उतरली. सोबत शाळेतल्या दोन मॅडम होत्या. कुणाला लागलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी रेल्वेनं यायला लागल्या, आणि आठवड्याभरात मीही. मला गाडी येत नाही, हे मी मान्य करून टाकलं. जी गोष्ट मला उत्तम येत होती, ती येत नाही असं मी मनापासून मानलं. आज लिहितानासुद्धा त्याची चीड येते.

गाडी बरेच महिने अंगणात उभी राहिली. शेवटी बाबाच म्हणाले, विकून टाक, सडून जाईल. गिऱ्हाईकही त्यांनीच पाहिलं. द्यायची तर निदान नीट द्यावी म्हणून पुढचे दोन टायर बदलायला मी एकटीच ती हळूहळू टायरवाल्याकडे घेऊन गेले.

त्यानं डावं चाक काढलं आणि मला जवळ बोलावलं. टायर बाहेरच्या बाजूनं नवा दिसत होता. आतल्या बाजूनं मात्र घासून घासून तार निघाली होती. मग त्यानं मोबाइलचा उजेड आत टाकला. चाकाला गाडीशी जोडणारा एक मोठा लोखंडी भाग असतो, त्याला ते लोअर आर्म म्हणतात. त्याचा काळा रंग जिथं उडाला होता, तिथं खालचं लोखंड निळं पडलेलं होतं.

"मॅडम, गाड़ी ठुकी हुई है," तो म्हणाला. "किसी ने गैस से तपाकर सीधा किया और ऊपर से रंग मार दिया. आपने इतने दिन चलाई कैसे?"

मी सांगायला लागले की गाडी नवीन घेतलेली आहे, माझ्याशिवाय दुसरं कुणी चालवत नाही. आणि बोलता बोलता थांबले. माझ्याशिवाय एकच माणूस ती चालवत होता.

नवा आर्म बसवून अलाइनमेंट होईपर्यंत मी ऑटो करून बाबांच्या डेपोतल्या जुन्या मेकॅनिककाकांच्या गॅरेजवर गेले. बाबा गाडीचं काम त्यांच्याशिवाय कुणाला सांगत नसत. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मी नागपूरला असताना बाबांनी भर दुपारी गाडी एका नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला घातली होती. कठडा त्यांना दिसलाच नाही. तेव्हा नवा आर्म बाजारात शिल्लक नव्हता, मागवायला चार दिवस लागणार होते आणि मी दुसऱ्या दिवशी येणार होते, म्हणून वाकलेलाच तापवून सरळ केला. "तुह्या बाबानंच सांगितलं, पोरीले मालूम नको होऊ देऊ," काका म्हणाले. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी कधी चढलीच नव्हती.

गाडी कुणाकडूनही ठोकली जाते. बाबांनी त्याच संध्याकाळी फोन केला असता तर मी आधी विचारलं असतं, लागलं तर नाही ना? पण त्या रविवारच्या टिचक्या? रस्त्यावरच्या शंभर पावलांत त्यांना कळत असणार की गाडी वाकडी आहे, आणि तरी ते माझ्या मनगटावर मारत होते. त्या गाडीत मी त्या दोन मॅडमना, कुणाकुणाच्या आयांना, बसवून नेत होते. बांधीऐवजी झाड असतं तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

घरी येऊन मी काहीच बोलले नाही. म्हटलं, त्यांना एक संधी द्यावी, आपणहून सांगतील. टायर बदलले, सगळं तपासून दुरुस्त करून आणलं, चला, फेरी मारू, एवढंच म्हटलं. विमानतळाकडे जाणाऱ्या बिरसीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना धान, वर शिकाऊ वैमानिकाचं एक छोटं विमान घिरट्या घालत होतं, रस्ता मोकळा. आणि गाडी उजवीकडे जायला लागली. डावीकडची ओढ गेली होती, पण उजवीकडे जोर द्यायची माझी सवय गेली नव्हती. मी सावरलं, ती पुन्हा गेली.

बाबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पाह्य," ते म्हणाले, "आता तं गाडी नवी करून आनली, तरी जाऊनच राहिली. म्या म्हनतच होतो, हात होय तो."

मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. "बाबा, तो कठडा कोणत्या पुलाचा?"

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले. चुकलो, एवढा एक शब्द मला हवा होता. तो आला असता तर मी तिथंच सगळं सोडून दिलं असतं, माझा स्वभाव तसा आहे.

"कोनाले सांगशीन काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि शब्द पाळला. गाडी विकली नाही. पंधरा दिवसांत हाताची खोड गेली, आता रोज मीच चालवत शाळेत जाते. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही मीच नेलं. गेल्या महिन्यात पाहुणे आले होते. त्यांतल्या एकानं बांधीत उतरलेल्या गाडीचा विषय काढून माझी यथेच्छ थट्टा केली. मी बाबांकडे बघितलं. ते सगळ्यांबरोबर हसत होते. हसून झाल्यावर समजुतीच्या सुरात पाहुण्यांना म्हणाले, "आता येऊन राहिलं तिले थोडं थोडं."